सोन्ने अण्णा

अण्णांच्या खोलीत शिरायचं तर आधी अंगावरचं लोखंड काढून ठेवावं लागे. दाराशी एका स्टुलावर लाकडी तबक असे. किल्ल्या, चाकू, सेफ्टीपिना, केसांतल्या पिना, सगळं त्यात. बुटांना खिळे असतील तर बूटही बाहेर. ते स्वतः चपला घालत, आणि त्या चपला बसवनगुडीतल्या एका चांभाराकडून एकही खिळा न ठोकता, नुसत्या दोऱ्यानं शिवून घेतलेल्या होत्या. आमच्या वर्क्स मॅनेजरना बूट काढणं कमीपणाचं वाटायचं. त्यामुळे ते कायम उंबऱ्याबाहेर उभे राहून बोलायचे आणि अण्णा आतून उत्तरं द्यायचे. आत येण्याचा आग्रह अण्णांनी केल्याचं मला आठवत नाही.

पन्नाशीच्या दशकाची शेवटची वर्षं. बेंगळुरात सरकारी कारखाने नुकते उभे राहिले होते आणि महाराष्ट्रातून इंजिनिअर मंडळी येऊन मल्लेश्वरम, बसवनगुडीत बिऱ्हाडं थाटत होती. माझा मोठा भाऊ त्यांतलाच. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले आणि लग्न ठरेपर्यंत घरी बसण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून त्याच्याकडे आले. विजेची उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आकडेमोड करायला माणूस हवा होता. मुलाखत अण्णांनी घेतली. एकच प्रश्न विचारला. लांब सोलेनॉइडच्या, म्हणजे तारेच्या लांब कॉइलच्या बाहेर चुंबकीय क्षेत्र किती असतं?

मी म्हटलं, शून्य.

"मोजलंत की मानलंत?"

पुस्तकात तसं आहे, असं मी सांगितलं.

"पुस्तकातली कॉइल अनंत लांबीची आहे, अक्का. आपल्या स्टोअरमध्ये सहा इंचांची मिळते की."

नापास झाले असं समजून मी उठले, तर त्यांनी सोमवारपासून यायला सांगितलं, आणि येताना केसांतल्या पिना कमी लावून या, असंही.

ते मूळचे बेळगावकडचे. मराठी घरात, कानडी बाहेर, आणि दोन्हींची सरमिसळ सगळीकडे. माझ्या दुप्पट वयाचे असूनही मला अक्का म्हणत. मीही त्यांना सर म्हणायचं सोडून दोन-चार दिवसांत अण्णा म्हणू लागले. कामगार मात्र त्यांना पाठीमागे 'सोन्ने अण्णा' म्हणायचे. सोन्ने म्हणजे कानडीत शून्य. शून्य हा शब्द ऐकला की ते भांडायला उठत, म्हणून हे नाव. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा मला म्हणाले, नाव चुकीचं आहे, पण अगदीच चुकीचं नाही.

बाहेर काहीच नसतं, हे त्यांना सोसायचं नाही. कॉइलमधून वीज सोडली की आत क्षेत्र जोरदार असतं, हे खरं. पण त्या रेषा एका टोकातून बाहेर पडतात आणि मोठा वळसा घेऊन दुसऱ्या टोकात शिरतात. बाहेर जागा पुष्कळ, म्हणून त्या विरळ होतात. विरळ म्हणजे नाहीत असं नव्हे. टोकांपाशी तर चांगल्या दाट असतात. आणि जवळ ठेवलेल्या लोखंडाला किती ओढ बसेल, हे क्षेत्र किती आहे एवढ्यावर ठरत नाही, ते जागोजागी किती बदलतं यावरही ठरतं. हे सगळं ते टेबलावर दोरा पसरून समजावत आणि मग एक लहानसं होकायंत्र कॉइलभोवती फिरवून दाखवत. सुई जरा हलली की त्यांचा चेहरा खुले.

हीच सवय कारखान्याबाहेरही. बसचा कंडक्टर जागा नाही म्हणाला की हे पायरीवरून आत डोकावून "स्वल्प आहे" म्हणत आणि चढत. कँटीनमध्ये आमच्या हेडक्लार्कनं एकदा साराला अजिबात मीठ नाही म्हणून ताट सरकवलं. अण्णांनी त्याच्या वाटीतलं चमचाभर सार तोंडात घेऊन, आहे, कमी आहे, असा निकाल दिला. हेडक्लार्क आठवडाभर बोलला नाही. बरेच लोक त्यांना टाळत आणि मला ते समजत असे. साधं बोलणं चालू असताना मध्येच कुणी तपासायला लागलं तर बोलणारा हिरमुसतो.

पण मी त्यांच्या घरी गेले तेव्हा याच खोडीचं दुसरं रूप दिसलं. त्यांच्या पत्नीला फारसं ऐकू येत नसे. शेजारीपाजारी त्यांना बहिरीच समजून चालत. अण्णांनी मात्र किती हातांवरून, कोणत्या बाजूनं, कोणत्या पट्टीतलं ऐकू येतं हे काढलं होतं आणि स्वयंपाकघरात त्या ठिकाणी एक पाट मांडून ठेवला होता. घरी आले की त्या पाटावर बसून ते दिवसभराचं सगळं सांगत. आवाज चढवत नसत. काकू भाजी चिरता चिरता हसत होत्या, मध्येच उलट प्रश्न विचारत होत्या. मी दुसऱ्या बाजूला बसून बोलले तेव्हा त्यांना काहीच कळलं नाही.

माझं काम हँडल फिरवायच्या गणकयंत्रावर. कॉइलचा प्रत्येक वेढा म्हणजे एक वर्तुळ. त्या वर्तुळामुळे बाहेरच्या एका बिंदूपाशी किती क्षेत्र येतं ते कोष्टकं बघून काढायचं, मग पुढचा वेढा, मग त्याच्या पुढचा, आणि शेवटी बेरीज. आम्ही वेढ्यांचे गट करत होतो, तरी एका बिंदूला सबंध दुपार जाई. एकदा दूरच्या टोकाच्या गटाचं उत्तर इतकं बारीक येऊ लागलं की मी कंटाळून त्या रकान्यात सरळ शून्यं मांडली. अण्णांनी कागद पाहिला. रागावले नाहीत. हे मोजलंत की मानलंत, एवढंच विचारलं. मग त्यांनी स्वतः खुर्ची ओढली आणि तीन दिवस ते हँडल फिरवत होते, मी आकडे वाचत होते. शेवटी एकूण उत्तरात जो फरक पडला तो नखाएवढा होता. मला वाटलं, आता तरी म्हणतील की सोडा. ते म्हणाले, आता सोडता येईल, कारण आता आपल्याला माहीत आहे आपण किती सोडतोय.

पुट्टम्माचं प्रकरण झालं तेव्हा मला तिथे लागून दीड वर्ष झालं होतं.

आमच्याकडे एक पेटी बनत असे. तिच्यात सहा कॉइली ओळीनं उभ्या बसवलेल्या असत. प्रत्येक कॉइलच्या आत पितळेची नळी, नळीत लोखंडी दांडा. वीज सोडली की दांडा वर उचलला जायचा, बंद केली की खाली पडायचा. एवढंच काम, पण वीजकेंद्रातली मोठाली बटणं त्यावर चालायची. दांडा वर अडकून राहिला तर जे बंद व्हायला हवं ते चालूच राहणार. आणि तशा तक्रारी यायला लागल्या. एका ठिकाणी दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा हात भाजला. मग कारखान्यात धावपळ उडाली.

परत आलेल्या पेट्या तपासल्या तर एकेक कॉइल व्यवस्थित चालायची. सगळ्या एकदम चालवल्या तरी व्यवस्थित. दोष कधी दिसायचा, कधी दिसायचा नाही. अशा वेळी माणसाच्या हाताकडे बोट दाखवणं सोपं असतं. वाइंडिंग खात्यात सगळ्या बायका होत्या. तार सैल-घट्ट गुंडाळली गेली, त्यामुळे आतली नळी वाकडी बसली, दांडा घासून अडकला, असा निष्कर्ष निघाला. प्रत्येक कॉइलवर गुंडाळणारीच्या नावाची चिठ्ठी असे. अडकलेल्या कॉइलींवर चार नावं सापडली. चौघींना पत्रं गेली. पंधरा दिवसांनी चौकशी, तोवर कामावर यायचं नाही.

पुट्टम्मा त्यांतली एक. के. आर. पुरमहून रोज गाडीनं यायची. पस्तिशीची, कमी बोलणारी. तिच्या हातच्या कॉइली अण्णा मुद्दाम मागून घेत, कारण तिचे वेढे मोजले तर कधी एकही कमी-जास्त भरत नसे. पत्र मिळालं त्या दिवशी ती आमच्या दाराशी आली. पिना तबकात काढल्या आणि आत येऊन उभी राहिली. रडली नाही. तिनं कानडीत विचारलं, की तुम्ही माझ्या कॉइली मोजता, तर माझी चूक झाली आहे की नाही हे तुम्हाला सांगता येईल ना?

तुझी चूक नाही, असं अण्णांनी लगेच म्हटलं असतं तर तिला किती बरं वाटलं असतं. पण ते म्हणाले, मला माहीत नाही, बघून सांगतो. मला त्यांचा राग आला.

त्यांनी एक पेटी मागवली आणि दोन दिवस तिच्याशी बसले. एक कॉइल चालवून पाहिली, मग दोन, मग तीन, निरनिराळ्या जोड्या लावून. दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या कॉइलचा दांडा अडकला. त्या वेळी शेजारची चौथी चालू होती आणि दुसरी बंद होती. त्यांनी दुसरीही चालू केली. दांडा खाली पडला. दुसरी बंद करून पुन्हा दांडा वर उचलला आणि तिसरीची वीज काढली. पुन्हा अडकला. अण्णा खुर्चीवरून उठून उभे राहिले.

शेजारच्या कॉइलच्या बाहेरचं क्षेत्र या दांड्याला बाजूला खेचत होतं. दांडा नळीच्या भिंतीला टेकून घासायचा आणि वजनानं खाली पडायचा तो पडेना. दोन्ही शेजारी चालू असले की दोन्हींकडून सारखी ओढ, म्हणून काही बिघडत नसे. एकच चालू असला की खेळ खलास. कारखान्यात कॉइली एकेक तपासत होते किंवा सगळ्या एकदम चालू-बंद करत होते. वीजकेंद्रात मात्र त्या हव्या तशा चालायच्या.

मला वाटलं, झालं काम. पण हे दिसलं म्हणजे कळलं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मॅनेजर म्हणतील, नळी वाकडी होती म्हणूनच तेवढ्या ओढीनं अडकला. नळी अगदी सरळ असली तरी अडकेल का, हे आकड्यानं दाखवायला हवं. आम्ही गणिताला बसलो. दांड्याच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, बिंदू बिंदू घेऊन. सकाळी आठला मी हँडलला हात घालायची ती संध्याकाळी पाचलाच सोडायची. मनगट सुजलं, तेव्हा काकूंनी लेप लावून दिला.

नवव्या दिवशी अण्णांना कॉइलींमधलं नेमकं अंतर हवं होतं म्हणून त्यांनी ड्रॉइंग ऑफिसातून पेटीचा मूळ नकाशा मागवला. जुना, कडा पिवळ्या पडलेला. त्यांनी तो टेबलावर पसरला आणि बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिले. मी उठून पाहिलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात टीप होती: शेजारच्या कॉइलचा परिणाम शून्य धरला आहे. खाली सही. सही त्यांचीच होती. प्रयोगशाळेत येण्याआधी ते काही वर्षं ड्रॉइंग ऑफिसात होते, हे मला तेव्हा कळलं.

ते बाहेर गेले आणि अंगणातल्या झाडाखाली जाऊन बसले. त्या दिवशी आम्ही आकडेमोड केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून बोलले. वर्षभरात प्रयोगशाळेचे प्रमुख निवृत्त होणार होते आणि ती जागा अण्णांचीच, असं सगळे धरून चालले होते. मी म्हटलं, कॉइलींमधलं अंतर वाढवा एवढीच शिफारस करावी. कारण सविस्तर लिहायची गरज नाही. पेट्याही सुधारतील आणि कुणाला काही होणार नाही.

"मग पुट्टम्माच्या पत्राचं काय?" अण्णा म्हणाले. "दोष तिच्या नावावर लिहिलेला आहे, अक्का. पेटी सुधारली म्हणून तो पुसला जात नाही. तिथून काढायचा तर दुसरीकडे कुठेतरी लिहावा लागतो."

ते गणकयंत्रापाशी येऊन बसले आणि म्हणाले, सरी, ठीक आहे, सातवा बिंदू घ्या.

चौकशीला अण्णांनी पेटी, ताणकाटा आणि आमचे कागद नेले. मी कागद धरायला. पुट्टम्मा आणि दोघीजणी भिंतीशी उभ्या होत्या. चौथी आली नव्हती. अण्णांनी तिसऱ्या जागी फोरमननं स्वतः गुंडाळलेली कॉइल बसवली, नळी नवी आणि सरळ. मग चौथी कॉइल चालू ठेवून तिसरी चालू करून बंद केली. दांडा अडकला. अडकण्याआधीच त्यांनी किती ओढ बसेल तो आकडा फळ्यावर लिहून ठेवला होता. फोरमननं ताणकाटा लावून वाचला. थोडासाच फरक होता. मग त्यांनी चौथी कॉइल दीड इंच लांब सरकवली. दांडा टक्कन खाली पडला. खोलीत तेवढाच आवाज झाला.

मॅनेजरांनी विचारलं, हा नकाशा कुणी केला होता?

"मी."

मॅनेजर चांगले गृहस्थ होते, हे सांगायला हवं. त्यांनी म्हटलं, की हे अहवालात यायलाच पाहिजे असं नाही.

"आलेलं आहे," अण्णा म्हणाले. "शेवटच्या पानावर."

चौघींची पत्रं मागे घेतली गेली. बाहेर पडताना पुट्टम्मा अण्णांसमोर क्षणभर थांबली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ती वाइंडिंग खात्याकडे चालू लागली. तिच्या मनात तेव्हा आभार होते की आणखी काही, मी आजही ठरवू शकत नाही. प्रमुखाची जागा अण्णांच्या हाताखाली शिकलेल्या एका तरुणाला मिळाली. अण्णांनी त्याला पहिल्याच दिवशी बूट काढायला लावले.

राहिली चौथी. तिचं नाव मुनियम्मा. तिला वाचता येत नव्हतं. पत्र मिळालं तेव्हा फाटकावर कुणीतरी तिला सांगितलं, की तुला काढून टाकलंय. ती घरी गेली ती पुन्हा आलीच नाही. पत्र मागे घेतल्याचं कळवणारं पत्र तिच्या पत्त्यावर पाठवलं, ते परत आलं. कारखान्याच्या दृष्टीनं विषय संपला.

अण्णा रविवारी तिला शोधायला लागले. आधी के. आर. पुरमच्या आसपास, मग कोलारच्या वाटेवरच्या गावांमधून, पॅसेंजर गाडीनं. पुट्टम्मा जे काही थोडंफार सांगू शकली त्यावरून. काकूंनी मला बोलावून सांगितलं, की हे एकटेच हिंडतात, उन्हात चक्कर येते, तू एखाद्या वेळी सोबत जा. मी गेले तो बहुधा सातवा की आठवा रविवार असेल.

त्या दिवशी ती सापडली. एका गावात रेशमाचं सूत काढायचा छोटा कारखाना होता. कढत पाण्यात कोष सोडून त्यांचा धागा ती फिरत्या चाकावर घेत होती. बोटं पांढरी पडून सुरकुतलेली. अण्णांना पाहून ती दचकली. त्यांनी खिशातून कारखान्याचं पत्र काढलं आणि कानडीत वाचून दाखवलं. तुझ्या कामात दोष नव्हता, तुला परत घेण्यात येत आहे.

तिनं हात लुगड्याला पुसले. मग विचारलं, चूक माझी नव्हती, तर कुणाची होती?

अण्णा म्हणाले, माझी.

"मग तुम्हाला काढलं?"

"नाही."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. चाक तसंच फिरत होतं, धागा तुटून गेला होता. अण्णांनी मान खाली घातली नाही. मी मध्ये पडून सांगणार होते, की त्यांचं काय काय गेलं. बरं झालं, सांगितलं नाही. तिचं जे गेलं होतं त्याच्याशी त्याची बरोबरी होत नव्हती.

शेवटी ती म्हणाली, मी आता परत येणार नाही. पण हे पत्र माझ्या घरी येऊन वाचा. सासरे रोज म्हणतात, हिनं काम बिघडवलं म्हणून हिला हाकललं. सगळ्या गल्लीत सांगून झालंय.

आम्ही गेलो. सासरे ओट्यावर बसले होते. अण्णांनी चपला काढल्या, उभं राहून पत्र वाचलं आणि पत्रात नसलेलं एक वाक्य शेवटी जोडलं: पेटीचा नकाशा मी केला होता, चूक माझ्या हातून झाली. शेजारच्या दोन बायका दारात आल्या. मुनियम्मा म्हणाली, पुन्हा वाचा. अण्णांनी पुन्हा वाचलं, पहिल्यापासून, ते शेवटचं वाक्यही. गल्लीच्या टोकाकडून आणखी काही माणसं आली. तिनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिनं त्यांच्या हातून पत्र घेतलं, घडी घातली आणि कंबरेच्या पिशवीत ठेवलं. सासऱ्यांनी हात पुढे केला होता, त्यांना दिलं नाही. मग आम्हाला पाणी आणून दिलं.

परतीच्या गाडीत अण्णा खिडकीशी बसले होते. दोन स्टेशनं गेली. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "माझं वाक्य मागच्या माणसांपर्यंत ऐकू गेलं का, अक्का?"

मी म्हटलं, गेलं. मी मागेच उभी होते.

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.